‘त्या दिवसापासून’ नसलेला धसका: उभयलैंगिकांचा तणाव मोजताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत लैंगिक अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्यावर नुकताच आलेला लेख वाचला. लेखामागची कळकळ खरी होती, याबद्दल शंका नाही. परंतु त्यात समलैंगिक, पारलिंगी आणि उभयलैंगिक अशा साऱ्यांची एकच मोट बांधून ‘या घटकात आघातजन्य तणावाचे प्रमाण अधिक असते’ असे सरसकट विधान केले होते, आणि उभयलैंगिक हा शब्द पहिल्या परिच्छेदानंतर पुन्हा भेटला नाही. मी पुण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. तणावाच्या प्रश्नावल्या भरून घेणे, त्यांची बेरीज करणे आणि त्या बेरजेवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही हे ठरवणे, हे माझे रोजचे काम आहे. म्हणून हे प्रमाण ‘अधिक’ असल्याचे कळते तरी कसे, आणि उभयलैंगिकांच्या बाबतीत ते मोजताना माप नेमके कुठे चुकते, एवढ्यापुरतेच लिहिते.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. स्त्री आणि पुरुष अशा दोघांविषयीही, किंवा एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी, आकर्षण वाटणाऱ्यांना आपल्याकडे सर्रास ‘उभयलिंगी’ म्हटले जाते. शाळेच्या जीवशास्त्रात मात्र उभयलिंगी म्हणजे गांडूळ, ज्याच्या एकाच शरीरात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात. एका पाहणीच्या मराठी फॉर्मवर ‘आपण उभयलिंगी आहात का?’ असा प्रश्न मी स्वतः पाहिला आहे. दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या एका तरुणाने त्यावर ‘नाही’ अशी खूण केली होती, कारण आपल्या शरीरात तसे काही वेगळे नाही, हे त्याला ठाऊक होते. मराठी म्हणून त्याचे उत्तर अचूक होते. मोजणीतून मात्र तो तिथेच गळाला. मी ‘उभयलैंगिक’ हा शब्द वापरते, तरुण मंडळी आपसात ‘बाय’ म्हणतात, आणि ज्यांना यातला एकही शब्द आपला वाटत नाही अशांची संख्या माझ्या अनुभवात या दोघांपेक्षा मोठी आहे. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

आघातोत्तर तणावाची लक्षणे मोजण्यासाठी जगभर मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे पीसीएल-५. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या राष्ट्रीय पीटीएसडी (म्हणजे आघातोत्तर तणावविकार) केंद्राने ती तयार केली असून ती विनामूल्य मिळते. तिच्यात २० प्रश्न आहेत. गेल्या महिनाभरात त्या त्या लक्षणाने किती त्रास दिला, याला ‘अजिबात नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत ० ते ४ गुण द्यायचे असतात. कमाल बेरीज ८० होते, आणि ती ३१ ते ३३च्या पुढे गेली, तर सविस्तर मुलाखत घेऊन निदान तपासावे, असा संकेत आहे. नको असताना उसळणाऱ्या आठवणी आणि स्वप्ने, त्या आठवणींची टाळाटाळ, स्वतःविषयी आणि जगाविषयी काळवंडलेले विचार, आणि सततची सावधगिरी, दचकणे, झोप उडणे अशा चार गटांत हे प्रश्न विभागलेले आहेत. मराठीत या साऱ्याला एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे धसका. ‘त्या दिवसापासून तिने धसकाच घेतला’ या वाक्यात अर्धे निदान आलेले असते. अडचण आहे ती ‘त्या दिवसापासून’ या शब्दांत.

प्रश्नावली भरण्याआधी आपल्या आयुष्यातला सर्वात वाईट प्रसंग डोळ्यांसमोर ठेवायला आणि तो फॉर्मच्या माथ्यावरच्या ओळीत लिहायला सांगितले जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानसंहितेनुसार हा प्रसंग प्रत्यक्ष मृत्यू किंवा मृत्यूची धमकी, गंभीर दुखापत किंवा लैंगिक हिंसा यांपैकी असावा लागतो. याला ‘अ’ निकष म्हणतात. पुढच्या २० प्रश्नांपैकी ९ प्रश्न थेट ‘त्या प्रसंगा’विषयी आहेत: त्या प्रसंगाची आठवण, त्या प्रसंगाची स्वप्ने, त्या प्रसंगाबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दिलेला दोष, वगैरे. म्हणजे माथ्यावरची ओळ कोरी राहिली, तर खालचे निम्मे प्रश्न अधांतरी लटकतात.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक बाई आल्या. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. वय पस्तिशीच्या आतबाहेर, लग्नाला नऊ वर्षे, एक मुलगी. झोप लागत नाही आणि फोन वाजला की काळजात धस्स होते, अशी तक्रार होती. आपल्याला स्त्रियांविषयीही आकर्षण वाटते हे त्यांनी दुसऱ्या भेटीत, दाराकडे एकदा बघून, सांगितले. मी फॉर्म पुढे केला. वीस प्रश्नांची उत्तरे त्यांनी आठ-दहा मिनिटांत दिली, पण माथ्यावरच्या ओळीशी त्या कितीतरी वेळ अडल्या. ‘कॉलेजातल्या मैत्रिणीची पत्रे सापडली’ असे लिहिले आणि खोडले. मग ‘नणंदेने सगळ्यांसमोर’ एवढेच लिहून तेही खोडले. शेवटी पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, “मॅडम, एकच लिहायचंय का? कारण एक असं काही नाहीच. रोजचंच आहे.” बेरीज चाळीसच्या पुढे गेली होती. नियमावर बोट ठेवायचे, तर निकषात बसणारा प्रसंग नाही, म्हणून बेरीज कितीही असो, हा आघातोत्तर तणाव नव्हे.

पाचव्या भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. मैत्रिणीविषयी कळल्यानंतर नवऱ्याने ‘तुला नीट करतो’ असे म्हणत अनेकदा जबरदस्ती केली होती. ही लैंगिक हिंसा आहे आणि ती ‘अ’ निकषात निःसंशय बसते. ती माथ्यावर लिहावी हे त्यांना सुचले नव्हते, कारण नवऱ्याकडून घडलेल्या गोष्टीला ‘प्रसंग’ म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आपल्या फौजदारी कायद्यातही १८ वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद कायम आहे, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. एकाच फॉर्मने एकाच व्यक्तीच्या बाबतीत दोनदा चूक केली. नाव नसलेला मोठा आघात त्याला दिसला नाही, आणि रोजचे टोमणे, पाळत व संशय यांसाठी त्याच्यात जागाच नव्हती.

या दोन चुका वेगळ्या आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. उभयलैंगिकांच्या तणावाविषयी बोलताना अलीकडे एक सोपी मांडणी ऐकू येते. त्यांचा त्रास म्हणजे समाजाच्या सूक्ष्म अवहेलनेचा परिणाम, एवढ्यावर ती थांबते. तो परिणाम आहेच. पण प्रत्यक्ष हिंसेचे आकडे आधी पाहावेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २०१० साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत लैंगिक कल विचारून उत्तरे वेगळी काढली होती, आणि तो अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग आयुष्यात कधी ना कधी सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण भिन्नलैंगिकांमध्ये (म्हणजे केवळ विरुद्ध लिंगाविषयी आकर्षण वाटणाऱ्यांमध्ये) ३५ टक्के, समलैंगिकांमध्ये ४४ टक्के आणि उभयलैंगिकांमध्ये ६१ टक्के होते. कोणाकडूनही झालेल्या बलात्काराचे प्रमाण अनुक्रमे १७, १३ आणि ४६ टक्के होते. जोडीदाराकडून हिंसा सोसलेल्या उभयलैंगिक स्त्रियांपैकी जवळपास ९० टक्क्यांनी हिंसा करणारे केवळ पुरुष असल्याचे सांगितले. हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण मोट बांधल्याने काय होते, ते त्यांवरून स्पष्ट दिसते. समलैंगिक आणि उभयलैंगिक स्त्रियांची सरासरी काढली असती, तर ४६ आणि १३ यांच्यामधला एक गुळमुळीत आकडा आला असता आणि तो दोघींपैकी कोणाचाच नसता.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. तो २०१० साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ३४,६५३ प्रौढांच्या राष्ट्रीय नमुन्यावर आधारलेला होता. संशोधकांनी समलैंगिक आणि उभयलैंगिक असे गट तर वेगळे ठेवलेच, पण आणखी एक गट वेगळा काढला: स्वतःला भिन्नलैंगिकच म्हणवणारे, परंतु आयुष्यात कधीतरी समलिंगी जोडीदार असलेले लोक. या तिन्ही गटांत आघातोत्तर तणावाचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळला, आणि हिंसेला अधिक वेळा, अधिक प्रकारे व अधिक कोवळ्या वयात सामोरे जावे लागणे हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे दिसले. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हा तिसरा गट ओळखीचा वाटेल. शब्द न स्वीकारलेली, चारचौघांसारखे लग्न केलेली, आणि ‘आपण कोण’ या रकान्यात कधीच न सापडणारी अशी ही माणसे असतात. ओळख, आकर्षण आणि वर्तन हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांतला एकच विचारला, की उरलेल्या दोहोंतली माणसे हिशेबाबाहेर पडतात. एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी कार्यक्रमाने पुरुषांच्या बाबतीत वर्तनाचा प्रश्न पुष्कळ आधीच विचारायला घेतला, पण तो विषाणूच्या मागावर होता. त्या माणसाची झोप उडाली आहे का, हे त्याला विचारायचे नव्हते.

आता रोजच्या अवहेलनेकडे येते. ‘अ’ निकषात ती बसत नाही म्हणून निकषच मोडीत काढावा, असे काही सहकारी म्हणतात. तो निकष काही दगडावर कोरलेला नाही, हे खरे. हे निदान १९८० साली अधिकृत यादीत आले ते प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाच्या रेट्याने, आणि त्या दशकातल्या व्याख्येत आघात म्हणजे ‘माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा’ प्रसंग असे धरले होते. स्त्रियांवरील अत्याचारांचा अभ्यास करणाऱ्यांनी तेव्हाच विचारले, की बलात्कार आणि घरातली मारहाण इतक्या जणींच्या वाट्याला येत असताना ‘नेहमीच्या अनुभवापलीकडचे’ कुणाचा अनुभव प्रमाण मानून म्हणायचे? १९९४ साली ते शब्द गेले. त्याच सुमारास, १९९२ साली, मारिया रूट या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने झिरपत जाणाऱ्या, सावकाश पोखरणाऱ्या आघाताची कल्पना मांडली. एखाद्याच्या ओळखीलाच कमी लेखणारी वागणूक सतत वाट्याला आली, तर तिचा परिणाम मोठ्या आघातासारखा साचत जातो, असे तिचे म्हणणे होते. २००३ साली इलान मेयर यांनी अल्पसंख्याकांच्या वाढीव तणावाची जी चौकट मांडली, तिच्यात बाहेरून होणारा भेदभाव, त्याची सततची धास्ती, स्वतःला लपवणे आणि समाजाचा तिरस्कार स्वतःवरच उलटवणे अशा पायऱ्या दाखवल्या. यातली तिसरी पायरी उभयलैंगिकांना विशेष लागू पडते, कारण भिन्नलिंगी जोडीदार असला की लपणे आपोआप होते आणि कुणी विचारतही नाही.

उभयलैंगिकांच्या वाट्याला येणारा भेदभाव निराळा मोजावा, म्हणून ब्रूस्टर आणि मोराडी या संशोधक स्त्रियांनी २०१० साली १७ विधानांची मापनी तयार केली. तिच्यात तीन धागे आहेत: तुमचा कल खरा नाही, तो एक टप्पा आहे असे समजले जाणे, तुम्ही बेभरवशाचे आणि बाहेरख्याली आहात असे समजले जाणे, आणि उघड तुटकपणा किंवा वैर. या मापनीतली मला सर्वात पटलेली गोष्ट अशी, की तीच विधाने दोनदा विचारली जातात, एकदा भिन्नलैंगिक लोकांविषयी आणि एकदा समलैंगिक लोकांविषयी. दोन डगरींवर पाय ठेवणारे, अशी संभावना दोन्ही काठांवरून होते, हे त्यांनी मापात आणले. त्यानंतर अमेरिकेत झालेल्या काही अभ्यासांत या भेदभावाचा आणि आघातोत्तर लक्षणांचा संबंध आढळला आहे. मात्र ही मापनी मराठीत उतरवताना शब्द बदलून भागणार नाही. समलैंगिकांच्या गटात मिळणारी वागणूक हा प्रश्न पुण्या-मुंबईत अर्थपूर्ण आहे. जिथे असा गटच नाही तिथे तो निरर्थक ठरतो. उलट ‘दोन्ही चालतं ना, मग आम्ही बघितलेल्या मुलाशी करायला काय हरकत आहे?’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक उभयलैंगिक मुलीने घरात ऐकलेले आहे, आणि ते त्या १७ विधानांत नाही. कांदेपोह्यांच्या ताटापुढे बसवली गेलेली समलैंगिक मुलगी निदान स्वतःशी तरी म्हणू शकते, की हे मला शक्य नाही. उभयलैंगिक मुलीला तेवढीही सबब घरचे ठेवत नाहीत.

तरीही निकष मोडीत काढावा, असे मला वाटत नाही, आणि त्यामागे व्यवहार आहे. टोमणा आणि बलात्कार यांना एकाच निदानाखाली आणले, तर टोमण्याला न्याय मिळण्याऐवजी बलात्काराचे वजन कमी होण्याची भीती अधिक. शिवाय उपचारही वेगळे आहेत. होऊन गेलेल्या आघाताची आठवण हळूहळू, सुरक्षित जागी बसून पुन्हा पाहायची, हा मान्यताप्राप्त उपचाराचा गाभा आहे. पण ज्याचा आघात अजून चालू आहे, संध्याकाळी ज्याला त्याच घरात परत जायचे आहे, त्याचे काय? पीसीएल-५मधला सतरावा प्रश्न सतत सावध, चौकस राहण्याविषयी आहे. मोबाइल उलटा ठेवणारी, पासवर्ड दर आठवड्याला बदलणारी, बोलताना ‘ती’चा ‘तो’ करणारी व्यक्ती या प्रश्नाला पूर्ण ४ गुण देते. ते लक्षण आहे की शहाणपण? घरात कळले, तर घराबाहेर काढतील, ही भीती खरी असेल, तर ती सावधगिरी आजाराची नाही, आणि बेरजेत मात्र ती आजार म्हणूनच जमा होते. हे चार गुण मुलाखतीत उलगडून पाहावे लागतात. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि बाहेर बाकावर आणखी सातजण बसलेले असले, तर ती दहा मिनिटे मिळत नाहीत, हेही कबूल करते.

संशोधनाच्या मर्यादांविषयी थोडक्यात. उभयलैंगिकांवरचे बरेचसे अभ्यास इंटरनेटवरून, संस्थांच्या ओळखीतून, स्वेच्छेने आलेल्या लोकांवर होतात, म्हणजे ज्यांना स्वतःसाठी शब्द सापडलेला आहे अशांवर. बहुतेकांत भेदभाव आणि लक्षणे एकाच वेळी विचारलेली असतात, त्यामुळे आधी काय हे कळत नाही. धसका घेतलेल्या माणसाला भेदभाव अधिक जाणवतो, ही शक्यता उरतेच. आणि एखादी मापनी दोन गटांत सारख्याच रीतीने चालते का, तोच प्रश्न दोघांना तोच अर्थ सांगतो का, हे तपासल्याशिवाय एका गटाची बेरीज दुसऱ्यापेक्षा जास्त आहे असे म्हणणे, म्हणजे एकाला किलोने आणि दुसऱ्याला शेराने तोलून दोन्ही आकडे शेजारी लिहिण्यासारखे आहे.

आपल्याकडे तर अजून तराजूच मांडलेला नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित व पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे नोंदले गेले. माझ्याकडे आलेल्या त्या बाईंसारख्या कितीजणी या आकड्यात आहेत, हे त्यावरून सांगता येत नाही, कारण लैंगिक कल त्या सर्वेक्षणात विचारला जात नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तेव्हा विचारण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. गोपनीयतेची आहे, आणि ती मी हलकी समजत नाही. ज्या रुग्णालयात केसपेपर रुग्णाच्या नातेवाइकाच्याच हाती देऊन त्याला औषधांच्या खिडकीवर पाठवले जाते, तिथे त्या कागदावर ‘बाय’ असे लिहिणे हा रुग्णाचा घात ठरेल. अशा ठिकाणी हा प्रश्न तोंडी विचारावा आणि उत्तर वेगळ्या वहीत, खुणेने नोंदवावे.

मी स्वतः फॉर्ममध्ये केलेले बदल फार मोठे नाहीत. माथ्यावरच्या एका ओळीच्या जागी आता दोन आहेत: ‘एखादा विशिष्ट प्रसंग’ आणि ‘सतत चालू असलेला त्रास’. खालचे वीस प्रश्न दोन्हींसाठी वेगवेगळे भरून घेते आणि दोन बेरजा कधीच एकत्र करत नाही. पहिल्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘जोडीदाराने किंवा घरातल्या कोणी केलेली जबरदस्तीही यात धरावी’. कल विचारताना शब्दाऐवजी, कोणाकोणाविषयी आकर्षण वाटते आणि कोणाकोणाशी संबंध आले, असे दोन प्रश्न विचारते. ही काही प्रमाणित मापनी नव्हे. तिचे आकडे प्रसिद्ध करण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते करणारही नाही. मराठीत अशी मापनी रीतसर तपासून तयार करण्याचे काम आपल्या विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांचे आहे, आणि दरवर्षी त्याच त्या महाविद्यालयीन तरुणांच्या परीक्षेच्या ताणावर प्रबंध लिहून घेणाऱ्या मार्गदर्शकांना हा विषय सुचवावासा वाटतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. अशा विषयावरचा आकडा यापुढे छापताना तो कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आला, कोणाला विचारला होता आणि उभयलैंगिकांची नोंद त्यात वेगळी होती की नाही, एवढे एका वाक्यात त्याच्याखाली द्यावे. नोंद वेगळी नसेल, तर तसेही छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये, यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)